अद्भुत बालके आणि त्यांचे परीक्षक

लहान मूल खोटे बोलणार नाही, असा आपल्या सर्वांचा एक समज असतो. तो वस्तुस्थितीला धरून नाही हे प्रत्येक आईबापाला आणि प्रत्येक शाळामास्तराला ठाऊक असते. तरीही मूल जेव्हा एखादी अद्भुत गोष्ट सांगते तेव्हा हाच समज पुढे करून ती खरी मानावयास आपण तयार होतो. मोठा माणूस म्हणाला की मला मृतात्मे दिसतात, तर आपण त्याचा हेतू शोधतो. आठ वर्षांची मुलगी तेच म्हणाली तर आपण तिच्या चेहऱ्यावरील निरागसपणा पाहतो. अतींद्रिय शक्तीच्या दाव्यांचा गेल्या दोन शतकांतील इतिहास चाळला तर त्यांतील पुष्कळशा प्रकरणांच्या मध्यभागी एखादे मूल उभे आहे असे आढळते. त्या मुलाभोवती जमलेल्या मोठ्या माणसांचे वर्तन मात्र मुलाच्या शक्तीपेक्षाही अधिक अभ्यसनीय असते. आज मला बोलावयाचे आहे ते मुख्यतः या मोठ्या माणसांविषयी.

२००८ साली अमेरिकेतील ‘ए अँड ई’ या दूरचित्रवाणी वाहिनीवर ‘सायकिक किड्स’ नावाची मालिका सुरू झाली. आपल्याला कोणीतरी दिसते, कोणाचे तरी बोलणे ऐकू येते, असे सांगणारी मुले तीत आणली जात. त्यांपैकी पुष्कळ मुले भ्यालेली असत. त्यांना भेटावयास स्वतःला अतींद्रियद्रष्टे म्हणविणारे प्रौढ येत आणि सांगत की तुम्हाला दिसते ते खरेच आहे, ही एक देणगी आहे. मग झपाटलेली म्हणून प्रसिद्ध असलेल्या जागी मुलांना नेण्यात येई. शक्ती आहे हे सारे गृहीतच होते. तपासणी हा त्या कार्यक्रमाचा भाग नव्हता. मूल अंधाराला भिते ही गोष्ट जगाइतकी जुनी आहे. त्या भीतीला दुजोरा द्यावयास कॅमेरा आणि दिवे घेऊन मंडळी घरात येतात, एवढेच काय ते नवे. २०१९ साली ही मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हा आधीच्या मालिकेतील काही मुले, आता मोठी होऊन, नव्या मुलांची मार्गदर्शक म्हणून पडद्यावर आली. ज्या घरात मूल शिरले त्या घराला बाहेर पडावयाचे दार नव्हते, असे म्हणावेसे वाटते. आणि हे दार नसणे हा या विषयातील सर्वांत जुना प्रकार आहे.

त्याचे मूळ पाहावयाचे तर न्यूयॉर्क राज्यातील हाइड्सव्हिल नावाच्या खेड्यात जावे लागेल. तेथे १८४८ च्या मार्च महिन्यात फॉक्स नावाच्या कुटुंबात रात्री ठकठक आवाज येऊ लागले. घरात मार्गारेट आणि केट या दोन मुली होत्या. त्यांनी आवाजाला प्रश्न विचारावेत आणि आवाजाने ठोके मोजून उत्तर द्यावे, असे घडू लागले. आई घाबरली, शेजारी जमले, आणि घरात पुरलेल्या कोणा फिरस्त्या विक्रेत्याचा हा आत्मा आहे अशी कथा एका रात्रीत तयार झाली. येथपर्यंतची हकीकत आपल्या कोणत्याही खेड्यातील भुताटकीसारखीच आहे. पुढची तशी नाही. दोघींची थोरली विवाहित बहीण लीआ हिने त्यांना रॉचेस्टर शहरात आणले, आणि १८४९ च्या नोव्हेंबरात तेथील कोरिंथियन हॉलमध्ये तिकीट लावून आत्म्याच्या ठोक्यांचे जाहीर प्रयोग झाले. मृतात्म्यांशी संभाषण करण्याच्या ज्या चळवळीने पुढे अमेरिका आणि युरोप व्यापले तिचा आरंभ या दोन मुलींपासून धरतात. आपल्याकडे ज्यांनी प्लँचेटचा प्रयोग पाहिला असेल त्यांनी त्याच वंशातील एक शाखा पाहिली आहे.

खरे कारण सापडावयास वेळ लागला नव्हता. १८५१ सालीच बफेलो येथील तिघा वैद्यक-प्राध्यापकांनी सांगितले की हा आवाज सांध्यांचा आहे. गुडघे घट्ट धरून ठेवले की आत्मा मुका होतो. हे छापूनही आले. परंतु तोपर्यंत त्या ठोक्यांवर अनेकांचे दुःख विसंबलेले होते. मेलेले मूल, मेलेला नवरा त्या ठोक्यांतून बोलत होता; त्यांच्यापुढे सांध्यांचे शरीरशास्त्र कोण ऐकणार?

चाळीस वर्षांनी, २१ ऑक्टोबर १८८८ रोजी, न्यूयॉर्कच्या अकॅडमी ऑफ म्युझिक या नाट्यगृहात मार्गारेट रंगमंचावर आली आणि पायाच्या अंगठ्याचा सांधा वाजवून तिने तो जुना ठोका सर्वांना ऐकविला. केट प्रेक्षकांत बसली होती. आईला भिवविण्यासाठी दोरीला सफरचंद बांधून ते जमिनीवर आपटण्यापासून हा खेळ सुरू झाला, असे मार्गारेटने सांगितले. पुढे लोक जमत गेले आणि थांबता आले नाही. हा कबुलीजबाब तिने दुसऱ्याच वर्षी मागे घेतला, कारण दुसरे उपजीविकेचे साधन तिच्यापाशी नव्हते. १८९२ मध्ये केट आणि १८९३ मध्ये मार्गारेट अशा दोघी दारिद्र्यात वारल्या. चळवळीला या कबुलीने फारसे काही झाले नाही. एका संध्याकाळी आईची थट्टा करणाऱ्या त्या दोन मुलींना जर कोणी तेव्हाच दटावून झोपविले असते, तर त्यांचे आयुष्य किती वेगळे झाले असते!

अशिक्षित गर्दी फसली, विद्वान फसले नसते, असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी क्रीअरी भगिनींचे उदाहरण आहे. इंग्लंडातील डर्बीशायरमध्ये बक्स्टन येथे क्रीअरी नावाचे एक पाद्री राहत असत. त्यांच्या मुली मनातले ओळखण्याचा खेळ खेळत: एकीने खोलीबाहेर जावे, इतरांनी एखादे पान किंवा वस्तू ठरवावी, आणि बाहेरून आलेलीने ती सांगावी. १८८१ साली डब्लिनचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक विल्यम बॅरेट त्यांच्याकडे गेले आणि चकित होऊन परतले. १८८२ साली लंडनमध्ये अतींद्रिय संशोधनासाठी जी संस्था स्थापन झाली, तिच्या विचारसंक्रमणावरील पहिल्या पुराव्यात या मुलींचे प्रयोग अग्रभागी होते. संस्थेचे पहिले अध्यक्ष केंब्रिजचे तत्त्वज्ञ हेन्री सिज्विक होते. म्हणजे मंडळी साधी नव्हती.

पाच वर्षांनी, १८८७ साली, केंब्रिज येथे पुन्हा प्रयोग झाले तेव्हा दोघी बहिणी एकमेकींना खुणा करताना सापडल्या. बदामासाठी किंचित वर पाहावयाचे, चौकटसाठी खाली, इस्पिकसाठी उजवीकडे, किलवरसाठी डावीकडे. मध्ये पडदा असला तर पाय घासावयाचा किंवा खोकावयाचे. हातात पत्ते घेऊन भागीदाराला खुणा करणारे महाभाग आपल्याही ओटीवर असतात. पण ती गोष्ट ओळखावयास पत्त्यांचा शौकीन लागतो, तत्त्वज्ञ उपयोगी पडत नाही. संस्थेचे एडमंड गर्नी यांनी हा प्रकार संस्थेच्याच नियतकालिकात छापला, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे द्योतक म्हटले पाहिजे. बॅरेट मात्र अखेरपर्यंत म्हणत राहिले की आधीचे प्रयोग खरेच होते. ज्याने पहिली साक्ष दिली त्याला ती मागे घेणे सर्वांत जड जाते.

आता दूरचित्रवाणीच्या काळात येऊ. २३ नोव्हेंबर १९७३ रोजी ब्रिटनमध्ये बी.बी.सी.वर डेव्हिड डिंबल्बी यांच्या कार्यक्रमात युरी गेलर हा इस्रायली तरुण आला आणि नुसत्या स्पर्शाने त्याने काटा वाकविला. शेजारी लंडनच्या किंग्ज कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक जॉन टेलर बसले होते. त्या रात्रीनंतर ब्रिटनमधील घराघरांतून चमचे वाकल्याच्या बातम्या येऊ लागल्या, आणि वाकविणारी बहुतेक मुले होती. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘मिनी-गेलर’ म्हटले. १९७४ साली जपानमध्येही हेच झाले. तेथे चमचे वाकविणारा एक अकरा वर्षांचा मुलगा दूरचित्रवाणीवर गाजला, आणि ‘शूकान आसाही’ या साप्ताहिकाने छायाचित्रांच्या साहाय्याने त्याची युक्ती उघडी केली. अकरा वर्षांच्या मुलाची लबाडी साऱ्या देशापुढे मांडण्यात आली. त्याला तेथवर आणणारे निर्माते मात्र पुढच्या कार्यक्रमाकडे वळले.

टेलर यांनी या मुलांना प्रयोगशाळेत घेतले. १९७५ साली त्यांचे ‘सुपरमाइंड्स’ हे पुस्तक निघाले. सळया, चमचे, बंद नळ्यांत ठेवलेल्या धातूच्या पट्ट्या मुलांपुढे ठेवीत. काही वेळा वस्तू मुलांना घरी नेऊ देत. त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली: कोणी रोखून पाहत असले की धातू वाकत नाही, नजर वळली की वाकतो. सामान्य माणसाने यावरून एकच निष्कर्ष काढला असता. टेलर यांनी या प्रकाराला ‘लाजरेपणा’ असे नाव देऊन त्यालाच शक्तीचा एक गुणधर्म ठरविले. बुद्धिमान माणूस चुकू लागला की त्याची बुद्धीच त्याला पुढे नेते, ती अशी.

त्याच वर्षी बाथ विद्यापीठात ब्रायन पँप्लिन आणि हॅरी कॉलिन्स यांनी जे केले ते मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत शहाणपणाचे वाटते. त्यांनी धातू वाकविणारी सहा मुले बोलाविली. खोलीत एक निरीक्षक मुलाजवळ बसे; त्याला सांगितलेले असे की काही वेळाने मुद्दाम लक्ष ढिले सोडावे. खोलीच्या भिंतीत मात्र एका बाजूने आरसा आणि दुसऱ्या बाजूने पारदर्शक अशी काच होती, आणि तिच्यामागे दुसरे निरीक्षक बसलेले होते. कचेऱ्यांच्या तपासणीचा ज्यांना अनुभव आहे त्यांना यातील मर्म चटकन कळेल. तारीख आगाऊ कळवून केलेल्या तपासणीत सर्व नोंदवह्या पूर्ण असतात. खरे दप्तर पाहावयाचे तर तपासणारा निघून गेला आहे असे कचेरीला वाटले पाहिजे. काचेमागच्यांना दिसले की एका मुलीने सळई पायाखाली दाबून वाकविली. काहींनी चमचा सरळ दोन्ही हातांनी वाकविला. एकजण टेबलाखाली हात नेऊन तेच करू पाहत होता. सहापैकी पाच मुले अशी सापडली. सप्टेंबर १९७५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यात मुलांची नावे नाहीत. नुसती अक्षरे आहेत. हे सौजन्य दूरचित्रवाणीला कधी सुचले नव्हते.

टेलर यांच्याविषयी अर्धीच गोष्ट सांगणे अन्यायाचे होईल. त्यांचे म्हणणे असे होते की शक्ती असेलच तर ती विद्युत्-चुंबकीय असली पाहिजे, कारण शास्त्राला ठाऊक असलेल्या बलांपैकी दुसरे कोणतेही हे काम करू शकणार नाही. मग त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर ती लहर मोजावयास घेतली. ती सापडली नाही. १९७८ साली त्यांनी तसे ‘नेचर’मध्ये छापले, आणि १९८० च्या आपल्या पुस्तकात अतींद्रिय शक्तीचा दावा सोडून दिला. ज्या माणसाने गाजलेले पुस्तक लिहून मत बनविले होते, त्याने पाच वर्षांत ते जाहीरपणे सोडावे, याला धैर्य लागते. परंतु त्या पाच वर्षांत जी मुले त्यांच्याकडे आली, त्यांना ‘तू असामान्य आहेस’ असे एका विद्यापीठाच्या प्राध्यापकाने सांगून ठेवले होते. त्या मुलांना पुढे कोणी काय सांगितले, याची नोंद नियतकालिकांत नसते.

मुलांना कोणी सरळ विचारले असते तर? याचे एक उत्तर अमेरिकेत मिळाले. १९७९ साली विमाननिर्मितीतील उद्योगपती जेम्स मॅक्डॉनेल यांच्या पाच लाख डॉलरांच्या देणगीतून सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात अतींद्रिय संशोधनाची प्रयोगशाळा निघाली. तेथे धातू वाकविणारे दोन तरुण आले. दोघेही विशीच्या आतले. प्रत्यक्षात त्यांना जेम्स रँडी या जादूगाराने पाठविले होते. रँडीने प्रयोगशाळेच्या प्रमुखांना आधीच पत्र लिहून कोणती सावधगिरी घ्यावी हे कळविले होते, आणि मुलांना अशी अट घातली होती की ‘ही हातचलाखी आहे काय?’ असे कोणी विचारले तर लगेच खरे सांगून टाकावयाचे. तीन वर्षांहून अधिक काळ ते दोघे तेथे जात-येत होते. तो प्रश्न कोणी विचारला नाही. १९८३ च्या जानेवारीत रँडीने स्वतःच सर्व उघड केले.

चमचे वाकविण्याची लाट ओसरली. डोळे बांधून वाचण्याचा प्रकार तिच्याहून जुना, आणि तोच आपल्या अधिक जवळचा आहे. १८३७ साली पॅरिसच्या वैद्यक अकादमीत डॉ. ब्यूर्दाँ यांनी तीन हजार फ्रँकांचे बक्षीस लाविले: डोळे आणि उजेड यांचा उपयोग न करता जो वाचून दाखवील त्याला ते मिळावयाचे. पुढच्या वर्षी मोंपेलिएहून पिजेअर नावाचे गृहस्थ आपल्या लहान मुलीला घेऊन आले. मोहनिद्रेत गेल्यावर, डोळ्यांवर काळी मखमली पट्टी असताना, ही मुलगी वाची. खासगी बैठकांत पॅरिसची प्रतिष्ठित मंडळी तिला पाहून थक्क झाली. डॉक्टरांपैकी काहींना मात्र दिसले की वाचन सुरू होण्यास फार वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचालींनी पट्टी सैल होत जाते. अकादमीच्या समितीने आपले स्वतःचे आवरण वापरण्याची अट घातली. पिजेअर यांनी ती नाकारली आणि ते बक्षीस न घेता परत गेले. १८४० मध्ये अकादमीने हा विषयच बंद केला.

त्यानंतर ही पट्टी देशोदेशी हिंडली. १९७९ च्या मार्चमध्ये चीनच्या सिच्वान प्रांतातील दैनिकाने एका शाळकरी मुलाची बातमी दिली की तो कानाने अक्षरे वाचतो. मग अशी मुले इतर प्रांतांतही निघाली, आणि चीनच्या अग्निबाणविद्येचे जनक ज्यांना म्हणतात त्या च्येन श्वेसेन यांनीही या संशोधनाचा पुरस्कार केला. एखाद्या विषयातील मोठेपणा दुसऱ्या विषयात उसना नेता येत नाही, हे येथे पुन्हा दिसते.

आपल्याकडे २०१० नंतरच्या दशकात ही पट्टी ‘मिड-ब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’ या नावाने आली. महाराष्ट्रातील शहरांतून आणि देशात इतरत्रही तिचे वर्ग निघाले. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांचा मध्यमेंदू दोन दिवसांत जागृत करून देऊ, मग मूल डोळे बांधून रंग ओळखील, पुस्तक वाचील, सायकल चालवील, असे पालकांना सांगितले जाई आणि त्यासाठी काही हजार रुपये घेतले जात. वृत्तवाहिन्यांनी अशा मुलांची प्रात्यक्षिके दाखविली. मध्यमेंदू हा डोळ्यांच्या हालचाली, ऐकणे, शरीराची हालचाल यांच्याशी संबंधित असा मेंदूचा भाग आहे; तो जन्मापासून काम करीत असतो, आणि निजलेला असता तर त्या मुलाला वर्गापर्यंत चालत येणेच अशक्य झाले असते. मूल पट्टी बांधून वस्तू नाकाजवळ नेते. वासाने कळते असे सांगतात. वास्तविक नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टी कधीच नीट बसत नाही. मान किंचित वर केली की त्या फटीतून खालचे दिसते. अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी १९६६ मध्येच ‘सायन्स’ या नियतकालिकात या फटीविषयी सविस्तर लिहिले होते. मंगळूरचे नरेंद्र नायक यांनी अशी प्रात्यक्षिके उघडी पाडली, आणि महाराष्ट्रातील अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनीही या वर्गांना विरोध केला.

महाराष्ट्रात २०१३ सालापासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळविण्याचा उल्लेख त्याच्या अनुसूचीत आहे. परंतु हे वर्ग देवाच्या किंवा मंत्राच्या नावाने चालत नाहीत. ते शास्त्राच्या नावाने चालतात, भिंतीवर मेंदूची रंगीत चित्रे असतात आणि शेवटी प्रमाणपत्र मिळते. बुवाच्या मठात न जाणारी सुशिक्षित मंडळी म्हणूनच येथे बिनदिक्कत येतात. पैसा जातो तो परत मिळविता येईल. मुलाचे काय होते ते अधिक गंभीर आहे. फटीतून दिसते हे त्याला ठाऊक असते. आईवडील टाळ्या वाजवितात, आजी दृष्ट काढते, नातेवाइकांपुढे पुनःपुन्हा प्रयोग होतात. आणि खरे सांगितले तर हे सारे आनंदी चेहरे उतरतील एवढे समजण्याइतके ते मोठे असते. हाइड्सव्हिलच्या मुलींपेक्षा त्याची स्थिती निराळी नाही. फरक एवढाच की आज थोरल्या बहिणीच्या जागी वर्गाचा संचालक आहे.

ज्या पालकांना पडताळा पाहावयाचा असेल त्यांना प्रयोगशाळा लागत नाही. गर्दी नसताना, घरच्या उजेडात, पट्टी बांधल्यावर मुलाच्या हनुवटीखाली एक जाड पुठ्ठा आडवा धरावा, म्हणजे खालची वाट बंद होते. किंवा पुस्तक मांडीवर न देता कपाळाच्या वर धरावे. वास तर तेथेही येतो. एवढ्याने वाचन थांबते. वर्गाचे चालक यावर सांगतात की मूल दमले असेल, किंवा शंकेखोर माणूस समोर असला की शक्ती बुजते. मुलाला मात्र त्या वेळी रागावू नये. आपण हा खेळ खेळत होतो, आता पुरे, असे म्हणून पट्टी सोडावी आणि खालून किती दिसत होते ते त्याला हसत हसत विचारावे.